फणसाचं मटण, शेवग्याची नळी

मी जन्मात मटण चाखलेलं नाही. तरी पेणपासून रोह्यापर्यंत लोक मला ‘मटणवाल्या माई’ म्हणून ओळखायचे. हे ऐकायला सासूबाई हयात नव्हत्या ते बरंच झालं, नाहीतर त्यांनी मला नेसत्या लुगड्यानिशी माहेरी धाडलं असतं.

पेणच्या रामवाडीत हायवेच्या अलीकडे आमचं घर. पुढच्या पडवीत मी खानावळ चालवायचे. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. गिऱ्हाईक म्हणजे गणपतीच्या कारखान्यांतले कारागीर, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि रोह्याच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी माणसं. सगळी खाडीकाठची, नाहीतर भातशेतीतली. मासळीवाचून ज्यांचा घास उतरत नाही अशी. आणि माझं देवघर स्वयंपाकघराला खेटून, त्यामुळे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. मग मी करणार काय? वालाचं बिरडं. आमच्याकडचे वाल कडवे, चवीला असे की पुण्या-मुंबईचे लोक पिशव्या भरभरून नेतात. पण रोज रोज कोण खाणार?

एक ड्रायव्हर पानावर बसता बसता म्हणाला, “माई, आज काय हाय? बिरडं का बिरडं?”

सगळी पडवी हसली. मला राग आला. राग तसा कायमच माझ्या नाकावर असायचा. “आवडत नसेल तर स्टँडवर वडापाव खा,” असं सुनावून मी आत आले. पण शब्द लागला होता. रांधणाऱ्या बाईला पान वाया गेलेलं सहन होत नाही, आणि त्या आठवड्यात फार पानं वाया गेली होती.

तेव्हा आत जनाबाई भांडी घासत होती. जना मिठागराकडच्या गावची. माझ्याच वयाची, पहिल्या दिवसापासून मला ‘तू’ म्हणणारी. ती मान वर न करता म्हणाली, “तू मटण करू नको गो माई. पन मटणासारखं कायतरी कर.”

“मला काय माहीत मटण कसं लागतं?”

“मना म्हायत हाय ना,” जना म्हणाली.

तर असा आमचा धंदा सुरू झाला. रांधणारी मी, चाखणारी ती. आंधळ्या-लंगड्याची जोडीच म्हणा. मी ढवळायचे, ती बोट बुडवून चाटायची आणि तोंड वाकडं करायची.

पहिला प्रयोग सोयाबीनच्या वड्यांचा. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मी त्या भिजवल्या आणि रश्शात सोडल्या. जना म्हणाली, “ह्यी वडी नाय, स्पंज हाय. पाटी पुसायचा.” मग हळूहळू कळलं. त्या वड्यांना कच्चट वास असतो. मीठ घालून उकळायच्या, पिळायच्या, थंड पाण्यात टाकून पुन्हा पिळायच्या, मग आंबट ताकात तासभर ठेवायच्या. नंतर आलं-लसणाचं वाटण चोळून तेलावर लाल करायच्या. एवढं केलं की त्या दाताखाली जरा ओढ देतात. मटण म्हणजे जनाच्या मते ओढ. दाताला काम पाहिजे.

पण खरी मजा फणसाच्या कुयरीत. कुयरी म्हणजे कोवळा फणस, आत गरे धरायच्या आधीचा. माघ-फाल्गुनात मिळतो. हाताला, विळीला, पाटाला, सगळ्याला तेल लावून बसायचं, नाहीतर त्याचा चीक दोन दिवस निघत नाही. काटेरी साल काढायची, मोठाले तुकडे करायचे, हळदीच्या पाण्यात अर्धेकच्चे उकडून कापडावर सुकवायचे, मग तळायचे. पुरते शिजले की भाजी झाली, कच्चे राहिले की लाकूड. मधला क्षण डोळ्यांनी नाही कळत, सुरी टोचून कळतो. नीट जमला की तो तंतू-तंतूने सुटतो.

एवढं करूनही जना मान हलवायची. “मटणाला वास असतो. तुझ्या भाजीला सुवास हाय. तिथंच घोटाळा व्हतो.”

ह्या वासापायी आम्ही किती दिवस घालवले विचारू नका. शेवटी सापडलं ते दगडफुलात आणि जळक्या खोबऱ्यात. मी खोबरं बदामी भाजणारी बाई. जना म्हणाली, जाळावर धर, काळं होऊ दे. मला ते पाप वाटायचं. पण काळं खोबरं, जळका कांदा, मूठभर दगडफूल, तिच्या घरचा लाल मसाला आणि लाकडाची चूल एवढं जमून आलं त्या दिवशी जनाने बोट चाटलं. मग भाकरीच घेऊन बसली. तेव्हा मला कळलं की जमलं.

मासळी मात्र कधी जमली नाही. कच्च्या केळ्याचे काप रव्यात घोळवून सुरमई म्हणून वाढायला गेले, तर पडवीतून प्रश्न आला, “माई, ह्यी मासळी कुठल्या झाडाची?” तो नाद मी सोडला.

पुढे रोह्याला जाणाऱ्या गाडीने डबे जायला लागले. एकदा एका फिटरची बायको रोह्याहून तडक रामवाडीत येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हातात नवऱ्याचा डबा. “श्रावणी सोमवार माझ्या माणसाचा, आणि तुम्ही त्याला मटण घालता? लाज नाही वाटत?” मी तिला चुलीपाशी नेलं, टोपाचं झाकण काढलं, सोयाबीनच्या वड्या दाखवल्या. तिने एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग पदर सोडून म्हणाली, “वासाने चकवलंत तुम्ही आम्हाला.” जाताना कृती विचारून गेली. मी सांगितली, पण दगडफूल सांगितलं नाही. धंद्यात एवढं चालतं.

आता खानावळ नाही. गुडघे गेले, जनाही तिच्या लेकाकडे उरणला राहते. बाजारात असल्या गोष्टींची गोठवलेली पाकिटं मिळतात म्हणे. नातवाने एकदा आणलं. बरं होतं. पण ते कुणासाठी केलं होतं ते काही कळेना. मी जे रांधलं ते प्रत्येक वेळी कुणातरी एका माणसासाठी होतं, आणि त्यातला एक माणूस अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

काशीदादा हमरापूरचा. पेणच्या एका कारखान्यात गणपतीची आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग कोणीही लावील, पण डोळ्याला हात थरथरला तर अख्खी मूर्ती वाया. दुपारी तो माझ्याकडे जेवायला यायचा आणि कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचा. गळ्यात तुळशीची माळ.

माळ का घातली ते त्याने एकदा आपणहून सांगितलं. बायको आधीच गेली होती. पदरात एकच लेक, सुगंधा. ती लहान असताना तापाने फणफणली, डोळे उघडेना. डॉक्टरने आशा सोडली तेव्हा काशीदादाने देवाला सांगितलं, पोरगी वाचव, मी माळ घालतो, आणि हिच्या लग्नाला माझ्या मांडवात जीव मारणार नाही. पोरगी वाचली. तेव्हापासून दादाचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. घरात धाकटा भाऊ रामा, त्याचं खटलं, म्हणजे बायकापोरं, रोज मासळी शिजायची. दादा सगळ्यांच्या आधी पडवीत एकटा जेवायचा. गावजेवणातही माळकऱ्यांची पंगत वेगळी बसते, त्यांना वेगळ्या भांड्यातून आधी वाढतात. ती रीतच आहे.

मी म्हणायचे, “दादा, माझ्याकडे मटण-मासळी काही नसतं. बसा की सगळ्यांत.”

तो म्हणायचा, “ऱ्हाऊ द्या माई. सवय जाली.”

माझं खोटं मटण सुरू झालं तेव्हा मला वाटलं, हा तरी सुखावेल. मी मुद्दाम पहिली वाटी त्याच्या पानाजवळ नेली. त्याने वास घेतला आणि वाटी हळूच बाजूला सारली. “नको माई. वासानेच भीती वाटते.” मला वाईट वाटलं. मी समजले, बिचाऱ्याची जीभ अजून मटणासाठी तळमळते आहे. पुढे कितीतरी दिवस मी हेच समजत होते.

मग सुगंधाचं लग्न ठरलं. मुलगा रोह्याजवळच्या गावचा. फाल्गुनात एका सकाळी काशीदादा आणि रामा दोघं पडवीत येऊन बसले, दोघांची तोंडं दोन दिशांना.

रामा म्हणाला, “माई, तुमीच सांगा ह्याला. हळदीला पाव्हणे रोह्याहून उष्टी हळद घेऊन येतील. नवऱ्याची हळद. त्यांना काय बिरडं वाढू? हळदीला मटण नाय म्हंजे पोरीला सासरी जल्मभर ऐकावं लागंल.”

आमच्या भागात हळदीचं जेवण म्हणजे मटण. लग्नाच्या दिवशी तुम्ही काय वाढलं ते लोक विसरतात, हळदीचं विसरत नाहीत.

काशीदादा खाली बघत म्हणाला, “माझा शब्द हाय देवाला. शब्द मोडला आनि पोरीला काय जालं तर?”

मी दोघांकडे पाहिलं. एकाला पोरीच्या मानाची काळजी, एकाला तिच्या जिवाची. चूक कुणाचीच नव्हती. मी म्हटलं, “मी करते. फणसाचं. पण पाहुण्यांना खोटं सांगायचं नाही.”

“व्याह्याला मी आधीच सांगतो,” दादा म्हणाला. “चोरून काय नाय करायचं.”

हो म्हणून बसले आणि मग घाम फुटला. पडवीतल्या माणसांना खायला घालणं वेगळं आणि हळदीचा मांडव वेगळा. मी जनाला विचारलं, काय करू गो. जना म्हणाली, “सगळं जमंल. पन नळीचं काय?”

नळी म्हणजे आतला मगज चोखायचं हाडूक. जना म्हणाली, “नळी नाय त मटण नाय. नळी थोरल्याच्या पानात पडते. पंगतीत थोरला कोन, ते नळीवरून कळतं.”

आम्ही दोघी चुलीसमोर डोकं धरून बसलो. मग जनाच उठली आणि परसातल्या शेवग्याखाली जाऊन वर बघत उभी राहिली. मला हसू आवरेना. शेंग. हातात धरायची, दाताने दाबायची, आतलं चोखायचं आणि चोथा पानाच्या कडेला टाकायचा. दुसरी नळी ती काय असते?

हळदीच्या दिवशी मी आणि जना दुपारपासून हमरापुरात. काशीदादाच्या घरामागे त्याची मूर्त्यांची शेड, पुढे मांडव. शेजारच्या बायका हाताला तेल चोपडून कुयऱ्या चिरत बसलेल्या, विळ्यांचा नुसता करकर आवाज. धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणारी आजीबाई, सुगंधाला पाटावर बसवून गात होती. माझ्या तीन चुली पेटल्या. खोबरं जाळायला घेतलं आणि वास मांडवात शिरला तसे बाहेरचे लोक आत डोकावून जायला लागले. ऊन कलताना रोह्याचा टेम्पो आला. व्याही मोठा आनंदी गडी. मांडवात पाय टाकला आणि थांबून नाक वर केलं. “काशीनाथराव, तुम्ही फणस म्हणाला होता.”

“फणसच हाय,” काशीदादा म्हणाला, आणि पहिल्यांदा मी त्याला छाती पुढे काढून चालताना पाहिलं.

आधी पोरासोरांची पंगत उठली. त्यांच्या पत्रावळी कोणी शेडमागे नेऊन टाकल्या. मग मोठ्यांची पंगत बसली. आणि इथे घात झाला. सगळा मांडव त्या दिवशी माळकऱ्याला चालणारा, सगळ्यांना एकच जेवण. तरी वाढणाऱ्यांनी सवयीने दोन पंगती मांडल्या. माळकरी ओटीवर, बाकीचे मांडवात. मला चुलीवरून ते दिसलंच नाही. दिसतं तर तिथेच ओरडले असते.

रामा रश्शाची बादली घेऊन वाढायला निघाला. मांडवातून वाढत वाढत ओटीपाशी आला. दादाने आपली वाटी पुढे केली. आणि रामाने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, बादलीवर हात आडवा धरला आणि म्हणाला, “ह्यो तुझा नाय दादा.”

काशीदादाची वाटी तशीच हवेत राहिली. त्याने बादलीकडे पाहिलं, वास घेतला, रामाकडे पाहिलं. मग वाटी खाली ठेवून उठला आणि मागच्या शेडमध्ये गेला.

भरल्या पानावरून वधूचा बाप उठला. धवलारीण गाता गाता थांबली. सुगंधा हळदीच्या अंगाने पाटावरून अर्धी उठून बघायला लागली. रामा बादली धरून उभा. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

मी आणि जना शेडमध्ये गेलो. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्त्यांच्या रांगेत दादा फळीवर बसला होता. एक हात गळ्यातल्या माळेवर. ज्या हाताने डोळे काढायचे तो.

“माई, रामाने घात केला,” तो म्हणाला. “पाव्हण्यांसाठी बाहेरून मटण आनलं. माझ्या मांडवात. पोरीवर आता काय येल?”

“अहो, ती बादली माझ्याच टोपातून भरली.”

“तुमच्या टोपात फणसच व्हता. पन बादलीत काय व्हतं ते तुमी पाह्यलं?”

मी चुलीपाशी होते. बादली मी भरली नव्हती. माझा स्वभाव तापट, एरवी मी चिडले असते, पण त्या माणसाचं तोंड पाहून राग आलाच नाही. त्याला भीती होती ती खरी होती. आणि तिला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्दापलीकडे काही नव्हतं.

तेव्हा जनाने शेडचं मागचं दार ढकललं.

“दादा, माझं नको ऐकू. माईचं नको ऐकू,” ती म्हणाली. “त्या कुत्र्यांचं ऐक.”

मागे पोरांच्या पत्रावळींचा ढीग पडला होता. हळद म्हटली की गावातली कुत्री दुपारपासून मांडवामागे येऊन बसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती आली होती. एक मोठा पिवळा कुत्रा ढिगात तोंड घालून हुंगत होता. त्याने एक चोखलेली शेंग उचलली, दोनदा चावली, टाकून दिली. मग पत्रावळ नाकाने उलटी केली, खाली बघितलं, आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच त्याला फसवलं. शेपूट खाली घालून तो बांधाकडे निघून गेला. बाकीची आधीच जाऊन बसली होती. एकही भांडण नाही, एकही गुरगुर नाही.

“हीसुद्धा त्याच बादलीतून वाढलेली पानं,” जना म्हणाली. “मांडवात कुठंबी हाडूक असतं त ह्या वखताला इथं लढाई असती.”

काशीदादा दारात येऊन बघत होता. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला आधी वाटलं रडतोय. हसत होता. मग खरंच रडायला लागला.

तेवढ्यात रामा आला. बादली अजून हातातच. “दादा,” तो म्हणाला, “मना कायच आठवलं नाय रे. तुला नाय म्हनायची सवयच जाली.”

“व्हय,” दादा डोळे पुसत म्हणाला. “मनाबी.”

मग दादा मांडवात आला. ओटीवर त्याचं पान तसंच होतं, माळकऱ्यांनी त्याच्यासाठी जागा करून दिली. तो ओटीजवळून पुढे गेला. मांडवातल्या पंगतीत व्याह्याशेजारी रामासाठी पान मांडलं होतं. तिथे जाऊन त्याने शेजारी आपल्यासाठी नवी पत्रावळ मागून घेतली आणि खाली बसला. “बस रे,” तो रामाला म्हणाला, “दुसरा कोन वाढंल.”

रामा बसला. मांडीला मांडी लागली. सुगंधा लहान असल्यापासून हे दोघे भाऊ एका पंगतीला बसले नव्हते. मी चुलीपाशी उभी राहून पाहत होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला मटण कधी हवंच नव्हतं.

बादली आता जनाच्या हातात होती. तिने रामाला वाढलं, दादाला वाढलं. रामाच्या पानात शेवग्याची चांगली जाड शेंग पडली. इतकी वर्षं घरच्या पंगतीत थोरला म्हणून तोच बसत होता, नळी त्याच्याच पानात पडायची. त्याने शेंगेकडे पाहिलं. मग ती उचलली आणि दादाच्या पानात ठेवली.